कोपऱ्यातली मारायची नाही

हे सगळं २०१८ साली झालं. त्या वर्षी संक्रांतीनंतर मंगला पालघरचं घर विकून मुलाकडे नागपूरला गेली आणि माझ्यासमोर बसून खेळणारं माणूस उरलं नाही.

आमचे हे त्याआधी तीन वर्षं गेले होते. मुलगी स्नेहा बंगळूरला. मी बोईसरच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटी. एकटेपणाची मला तशी सवय होती. पाळीत काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला ती लागतेच. पण मंगला गेली आणि गुरुवारची दुपार नुसतीच उभी राहायला लागली. दर गुरुवारी ती एसटीनं यायची, डबा उघडायच्या आधी दिवाणाखालून पाट ओढायची आणि आम्ही बसायचो.

हा डाव आमचा दोघींचा. दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. त्याला नावही नव्हतं.

आम्ही दोघी लग्न होऊन तारापूरच्या वसाहतीत आलो ते १९७५च्या सुमारास. मी कराडकडची, ती वर्ध्याची. क्वार्टर समोरासमोर. आमच्या दोघींचे नवरे वीजकेंद्रात, एकाच पाळीत. नाइट करून सकाळी यायचे, आंघोळ, जेवण, की झोप. मग दुपार कलेपर्यंत घरात आवाज म्हणून करायचा नाही. खिडकीला घोंगडी लावायची, बेलची वायर काढून ठेवायची, कुकर आधीच उरकायचा. आमच्या इमारतीत बायका दाराच्या कडीला रुमाल बांधायच्या. रुमाल दिसला की समजायचं, आत माणूस झोपलंय, कडी वाजवू नका.

मासे घेऊन येणारी सोमी त्यावरून फार चिडायची. जिन्यात टोपली टेकवून दबक्या आवाजात म्हणायची, "आमी वरडाय नाय, तं म्हावरं इकाचं कसं? तुमचे नवरे रातचे जागतात, तं आमचे काय होडीत झोपतात?"

दोन बायका दुपारभर समोरासमोर बसून बोलायचं नाही म्हटल्यावर करणार काय? विणून विणून किती विणणार? सारीपाट होता मंगलाकडे, पण कवड्या खुळखुळतात. पत्ते पिसताना आवाज होतो. एकदा आम्ही कवड्या मांडीवर पदरात टाकून बघितल्या, एक घरंगळली आणि फरशीवर अशी वाजली की आतून "काय चाललंय गं?" आलंच. तेव्हाच ठरलं, म्हणजे मनातल्या मनात ठरलं, की आपल्याला असा डाव पाहिजे ज्यात काही टाकावं लागत नाही, उडवावं लागत नाही, नशिबाला हाक मारावी लागत नाही. नुसतं उचलायचं आणि ठेवायचं.

मंगलाचा एक मॅटीचा टेबलक्लॉथ अर्धवट पडला होता. चार कोपऱ्यांत चार गुलाब भरून झाले होते आणि मग तिचा धीर संपला होता. त्यावर तिनं निळ्या दोऱ्यानं चौकटी घातल्या, सात उभ्या, सात आडव्या, आणि ते कापड एका लाकडी पाटावर ताणून बसवलं. सोंगट्या म्हणून मी शर्टाची पांढरी बटणं घेतली आणि तिनं चिकूच्या बिया. कापडावर दोन्हींचा आवाज होत नाही. प्रत्येकीला दहा.

नियम असे. आळीपाळीनं एकेक सोंगटी रिकाम्या घरात मांडायची. मांडताना गुलाबाची, म्हणजे कोपऱ्यांतली, चार घरं सोडून. सगळ्या मांडून झाल्या की चालायचं. एका वेळी एक सोंगटी, एक घर, सरळ; तिरकं नाही. समोरचीची सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांच्या मधोमध सापडली, डावी-उजवीकडून म्हणा की वर-खालून, की ती मेली, उचलायची. कुणी आपण होऊन दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली तर मात्र मरत नाही. चालायला जागाच नसेल तर कापडाला बोट टेकवायचं, म्हणजे माझी पाळी गेली. आणि एकच सोंगटी उरली की हरलो, कारण एकटीला कुणालाच कोंडता येत नाही.

हे आज मी असं ओळीनं सांगतेय, पण तेव्हा यातला एकही नियम कुणी तोंडानं सांगितला नव्हता. मी एखादी चाल केली की मंगला मान हलवायची, किंवा डोळे मोठे करायची, किंवा माझं बोट धरून सोंगटी परत जागेवर ठेवायला लावायची. असं होत होत डाव तयार झाला. सोमी एकदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बोलाय नाय, हसाय नाय. मयताला बसल्यासारक्या बसताव गो दोघी!" मंगलाला हसू आलं, तिनं तोंडात पदर कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आवाज न करता. आम्हाला तसं हसता यायचं.

आणि शेवटचा नियम, कोपऱ्यातली मारायची नाही.

तो कधी झाला ते मला पक्कं आठवतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी दवाखान्यातून घरी आले होते. आठवा महिना होता आणि मी रिकाम्या हातानं आले. स्नेहा नंतरची. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. हे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नाइटला जायला लागले. मंगला दुपारी आली, तिनं पाट काढला, मांडला. माझं डावात लक्ष नव्हतं. एक बटण सरकत सरकत गुलाबावर जाऊन बसलं. मंगलानं दोन बिया आणून त्याच्या दोन्ही वाटा बंद केल्या. कोपऱ्याच्या घराला शेजारी दोनच; तिथं मधोमध सापडायला जागा नाही, पण दोन्ही वाटा बंद म्हणजे कोंडलंच, असं आम्ही धरायचो. आता ते कोंडलं होतं, मेलं होतं. तिनं ते उचलायला हात पुढे केला आणि मधेच थांबली. हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. मी पुढची चाल केली.

त्यानंतर तिची बी गुलाबावर गेली तेव्हा मीही ती मारली नाही. मग तो नियमच झाला. मंगलानं तो हात मागे घेऊन मला न बोलता जे सांगितलं ते मी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. कुणी मला त्या मुलाबद्दल एवढंही सांगितलं नव्हतं.

या नियमामुळे आमचा डाव संपायचाच नाही. हरायला आलेली आपल्या शेवटच्या दोन सोंगट्या दोन गुलाबांवर नेऊन बसवायची, की झालं, कोण मारणार? मग एक आपल्या सोंगट्या इकडून तिकडे चालवत राहायची आणि दुसरी बोट टेकवत. डाव उठायचा तो आतून पलंग करकरला की. पाट दिवाणाखाली, चहाचं आधण गॅसवर. कोण जिंकलं याचा प्रश्नच यायचा नाही. पुढे निवृत्ती झाली, क्वार्टर सोडले, ती पालघरला, मी बोईसरला. आता आत कुणी झोपलेलं नसायचं, तरी आम्ही गप्पच खेळायचो. बोलत बोलत एकदा खेळून पाहिलं. दोघींनाही चाली सुचेनात.

तर मंगला गेल्यावर मी एकटीच मांडून बसायला लागले. एक चाल बटणांची, मग पाट फिरवायचा, एक चाल बियांची. पण स्वतःशी खेळताना कोपऱ्यात जाण्यात काही अर्थ राहत नाही. कशाला पळतोय आणि कुणापासून, हे दोन्हीकडून माहीत असतं. मी पाट दिवाणाखाली ढकलून दिला आणि उन्हाळाभर काढला नाही.

एका दुपारी भाजी घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात एक मुलगी मेथी निवडत बसलेली दिसली. नवीन भाडेकरू. दार लोटलेलं. मी म्हटलं, "अगं, किल्ली विसरलीस का?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "झोपलेत. नाइट करून आलेत. आत काडी मोडली तरी उठतात."

दीपाली तिचं नाव. धुळ्याकडची. नवरा कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात. मी तिला म्हटलं, मेथी घेऊन वर ये, माझ्याकडे पंखा आहे.

ती आली आणि बोलायला लागली. जिन्यात साठलेलं सगळं बोलली. सासूबद्दल, खाऱ्या पाण्याबद्दल, इथल्या दमट हवेत पापड वाळत नाहीत त्याबद्दल. नवऱ्याबद्दल म्हणाली, "नाव ठेवलंय दिग्विजय. आजपर्यंत उशीशिवाय काही जिंकलेलं नाही बघा काकू."

चार-सहा दिवसांनी मी पाट काढला.

शिकवणं मला जड गेलं. मंगलाला मान हलवून जे समजायचं ते दीपालीला शब्दांत सांगावं लागायचं, आणि शब्द माझ्याकडे नव्हते. पण पोरगी चलाख. आठवड्याभरात माझी बटणं कोंडायला लागली. खेळताना तोंड अखंड चालू. "ही आली बघा... आता कुठं जाल... अगं बाई, काकू, तुम्ही तर डाकू!" पहिल्यांदा मला त्रास झाला. मग मी तिच्या पावलांची वाट बघायला लागले. दुपारचं जेवण लवकर उरकायला लागले. केस विंचरून बसायला लागले.

पण डाव संपायचा नाही. मी दोन बटणं गुलाबांवर नेऊन बसवली की दीपालीचा चेहरा उतरायचा.

"मी जिंकले ना आता?"

"नाही. दोन आहेत माझ्या."

"पण त्या बसूनच राहणार. मी दोन्ही बाजूंनी बिया लावल्यात की. मरायला नको?"

"कोपऱ्यातली मारायची नाही."

"का?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"मंगलाचा."

"मग मंगलाकाकूंना विचारा ना, कशासाठी केला. इथं हरलेलं माणूस हरत नाही आणि जिंकलेलं जिंकत नाही. मला खाली त्यांचा डबा भरायचा असतो हो. रोज अर्धवट टाकून पळते आणि रात्रभर डोक्यात तेच फिरतं."

तिचं बरोबर होतं. आमची दुपार आम्हाला संपवायची असायची, म्हणून न संपणारा डाव आम्हाला सोयीचा होता. तिला तासाभरात काहीतरी पुरं करायचं होतं.

मग ती एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खाली जाऊन पाहिलं तर जिन्यात बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती, कानात वायर घालून. मला बघून ओशाळली. "येते ना काकू, उद्या येते," म्हणाली. मी वर आले. पाट तसाच मांडलेला. मला कळलं, ही सुटतेय हातातून. सुटली तर या वयात मी कुणाला शोधणार आणि पुन्हा कुणाला शिकवणार?

मंगलाला विचारायला मला भीती वाटत होती. विचारलं तर त्या दुपारबद्दल बोलावं लागणार. आम्ही कधीच बोललो नव्हतो. पण फोन केला. मंगलाला तोवर ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे ओरडून.

"मंगला, तो कोपऱ्याचा नियम! कोपऱ्यातली मारायची नाही, तो तू का केलास?"

"मी कुठं केला? तो तुझा नियम!"

"माझा? अगं, तू हात मागे घेतलास ना! मी दवाखान्यातून आले होते बघ, त्या वेळी!"

"कुठल्या दवाखान्यातून?"

 ती तिकडून हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, "हात मागे घेतलेला आठवतो ना मला. भाऊजी खोकले आतून. मला वाटलं उठले. झाला डाव, म्हणून हात मागे घेतला. ते काही उठले नाहीत, आणि बघते तर तू पुढची चाल करून मोकळी. मला वाटलं, हिच्यात कोपरा राखीव दिसतोय. म्हटलं, असू दे."

"खोकले?"

"हो गं. सिगारेटचा खोकला नव्हता का त्यांचा? आणि मग माझी बी तिथं गेली, तर तूही हात लावला नाहीस. खरं सांगू सुगंधा? मला वाटायचं, तू मला सोडतेस. आमच्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते तुला समोरच्या दारातून ऐकू येतच होतं. ह्यांची बाटली, भांडीकुंडी फेकणं. तू कधी बोलली नाहीस. मी म्हणायचे, बोलत नाही, पण कोपऱ्यात मारत नाही ना."

मला ऐकू येत होतं, ते खरं आहे. पण त्या दिवशी बी मारली नाही ती त्यासाठी नव्हे. तो तिचा नियम आहे असं समजून मारली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.  तिनं विचारलं, "पाऊस आहे का गं तिकडं?" मी म्हटलं, आहे.

फोन ठेवल्यावर मी पाटासमोर येऊन बसले. सारखा मला यांचा खोकला ऐकू यायला लागला. घोंगडी लावलेल्या अंधारातून, दोनदा, कोरडा. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्याचा खोकला या कापडावर नियम होऊन बसला होता. त्या मुलाला मात्र कापडावर कुठं जागाच नव्हती. ते गुलाबावर आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मीच पहिल्या मजल्यावर गेले. दीपालीच्या कानातली वायर ओढली आणि म्हटलं, "वर चल. कोपऱ्यातली मारायची."

"आणि नियम?"

"नियम नव्हताच. आमच्या यांना खोकला आला होता."

जिना चढता चढता मी तिला सांगितलं. फक्त खोकल्याचं. दवाखान्याचं नाही. ती मधल्या पायरीवर थांबली, तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि भिंतीला टेकून हसायला लागली, खांदे हलत होते, आवाज अजिबात नाही. ते हसू मी फार वर्षांनी बघत होते.

आम्ही मांडलं. त्या दिवशी मी नेटानं खेळले, तिच्या चार बिया लागोपाठ उचलल्या. मग तिनं मला घेरत आणलं. जुन्या सवयीनं माझं एक बटण गुलाबावर जाऊन बसलं; दुसरं मधेच अडकलं होतं. तिनं एक बी लावली, दुसरी लावली. हात पुढे केला. आणि थांबली.

"मारू ना काकू? नक्की?"

आतमध्ये कुणी झोपलेलं नव्हतं. कुणी खोकलं नाही.

"मार," मी म्हटलं.

तिनं बटण उचललं. माझं एकच उरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो डाव आपला आपण संपला होता, कुणाला जाग न येता. दीपालीनं टाळी वाजवली आणि लगेच स्वतःचेच हात घट्ट धरले, खाली ऐकू जाईल म्हणून. मग उठली, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाली, "उद्या पहिली चाल तुमची हं. आज हरलात म्हणून."

मी बटणं गोळा केली. उद्या पहिली चाल कुठं मांडायची याचा विचार करत चहा टाकला, आणि तो उतू गेला.

त्यानंतर पाच वर्षं ती रोज नाही तरी बहुतेक दुपारी आली. बाळंतपणाला गेली तेवढा खंड. मुलगी झाली, स्वरा. ती रांगायला लागल्यावर दोनदा चिकूच्या बिया तोंडात घालून झाल्या. दिग्विजयची पुढे वापीला नोकरी झाली आणि ते तिकडे गेले. जाताना मी तिला नवं कापड भरून दिलं, चौकटींचं. गुलाब भरायला माझे डोळे पुरेनात, म्हणून कोपरे साधेच ठेवले. तिच्या चाळीत आता तीन-चारजणी खेळतात म्हणे, आणि फोनवर सांगत होती, बोलत बोलतच खेळतात. कोपऱ्यातली मारतात.

सोमी केव्हाच गेली. तिची सून टेम्पोतून मासे आणते आणि भोंग्यावर ओरडते.

मंगलाशी मी त्या वर्षापासूनच, दीपाली इथं असताना, फोनवर खेळायला लागले होते. तिच्याकडे एक पाट, माझ्याकडे एक. ओळ आणि घर सांगायचं. तिला ऐकू येईना, त्यामुळे जन्मभर गप्प बसून खेळलेला डाव मी शेवटी शेवटी ओरडून खेळले. दिग्विजय एकदा तारवटलेल्या डोळ्यांनी वर आला होता. "काकू, तिसरी ओळ पाचवं घर आता माझ्या स्वप्नात येतं," म्हणाला. मंगलाशी मात्र मी जुन्याच नियमानं खेळायचे. खोकल्याचं ते बोलणं आम्ही पुन्हा कधी काढलंच नाही.

ती २०२१च्या एप्रिलमध्ये गेली. नागपूरला कुणाला जाता येत नव्हतं. तिच्या मुलानं, रूपेशनं, फोनवर सांगितलं. शेवटचा डाव अर्ध्यावर होता. मी तो उचलला नाही. दीपालीशी खेळायला दुसरं कापड काढलं आणि हा पाट दिवाणाखालीच ठेवला. झाडायला येणाऱ्या बाईला सांगून ठेवलंय, त्याला धक्का लावू नकोस. मधून मधून मीच ओढून काढते, एकेक सोंगटी उचलून खालची धूळ पुसते आणि होती तिथं ठेवते. मंगलाची एक बी वरच्या गुलाबावर आहे. माझी दोन बटणं तिच्या दोन्ही बाजूंना. पाळी माझी आहे.